‘टोळ आढळला नाही’ ही नोंद थांबू देऊ नका

प्रति,
मा. महासंचालक,
संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, रोम.

महोदय,


मी अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यातला संत्रा बागायतदार. त्याआधी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. निवृत्त झालो आणि वडिलांनी लावलेल्या चार एकर बागेत रमलो. रोममधल्या आपल्या कचेरीशी माझा कधी संबंध येईल असे मनातही आले नव्हते. तो आला मे २०२० च्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात.

उन्हे कलली होती. सातपुड्याच्या अंगाने आभाळात तांबूस, धुरकट पट्टा दिसला. मे महिन्यात आमच्याकडे शेतकरी धुरे पेटवतात, म्हणून आधी कुणी फारसे लक्ष दिले नाही. पण धूर वर जाताना विरत जातो, हा पट्टा मात्र दाट होत होता. पंधरा मिनिटांत तो बागेवर आला. सुपात ज्वारी पाखडताना येतो तसा आवाज, फक्त न थांबणारा. झाडांच्या शेंड्यांवर, विहिरीच्या कठड्यावर, ठिबकच्या नळ्यांवर, माझ्या सदऱ्यावर, जिकडेतिकडे बोटभर लांबीचे गुलाबी किडे. घरातली माणसे डबे, पराती, पिंप, हाती लागेल ते बडवत धावली. शेजाऱ्याने ट्रॅक्टर आणून धुऱ्यावर फिरवला. थवा उठायचा आणि चार ओळी पलीकडे जाऊन बसायचा. अंधार पडला तसे ते उठेनासे झाले. मग बराच वेळ फक्त कुरतडण्याचा आवाज येत राहिला.

रात्री अकराच्या सुमारास कृषी सहायक आले, त्यांच्या मागून अग्निशमन दलाचा बंब. टोळ रात्री झाडावर बसतात, त्यांचे अंग थंड पडते, म्हणून फवारणी रात्रीच करायची. ऊन चढले की ते उडालेच. टाळेबंदीचे दिवस होते, तोंडाला फडकी बांधलेली ती माणसे पहाटेपर्यंत झाडामागून झाड भिजवत होती. सकाळी झाडांखाली मेलेल्या टोळांचा थर होता आणि माझी सून तो खराट्याने लोटत होती. नवती गेली, काही झाडांवर नुसत्या काड्या राहिल्या. अंबिया बहाराची लिंबाएवढी फळे बहुतेक वाचली. राजस्थानातल्या शेतकऱ्यांनी जे सोसले त्याच्या मानाने आमचे नुकसान थोडेच म्हणायचे. तेव्हा हे पत्र भरपाईसाठी नाही.

मी शिक्षक, त्यामुळे त्या सकाळी एक टोळ काडेपेटीत ठेवला आणि पुढचे कित्येक दिवस तो कुठून आला याचा शोध घेत बसलो. रंग गुलाबी, म्हणजे तो अजून वयात आलेला नव्हता. अंडी घालणार नव्हता, पण लांब आणि उंच उडणारा होता. एवढे मला पुस्तकातून ठाऊक होते. बाकीचे ज्या कागदांतून कळले, ते बहुतेक सगळे आपल्या संघटनेचे होते. तेव्हापासून आपल्याला लिहायचे मनात होते.

मराठीत आम्ही एकट्यादुकट्या किड्याला नाकतोडा म्हणतो आणि झुंडीला टोळधाड. दोन शब्द आहेत म्हणून दोन वेगळे प्राणी असावेत असे माझ्या विद्यार्थ्यांना वाटायचे. शास्त्रज्ञांनाही बराच काळ तसेच वाटत होते. १९२१ मध्ये बोरिस युव्हारोव्ह यांनी दाखवून दिले की एकटा राहणारा भुरकट टोळ आणि झुंडीने उडणारा टोळ हा एकच जीव असतो. वाळवंटात पाऊस पडतो, हिरवळ उगवते, टोळांची संख्या वाढते. मग हिरवळ वाळत जाते आणि उरलेल्या ओल्या पट्ट्यात सगळे दाटीवाटीने गोळा होतात. एकमेकांचे पाय एकमेकांना लागत राहतात. मागच्या पायांना होणाऱ्या या स्पर्शाने त्यांच्या शरीरातले सेरोटोनिन वाढते आणि एकमेकांना टाळणारा प्राणी एकमेकांच्या मागे जाऊ लागतो, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. या संकटाची सुरुवात एवढी बारीक असते. ती कुठल्या तरी ओढ्याच्या काठी, दोन-चार हेक्टरांत होते. तिथे त्या आठवड्यात कुणी पोचले तर एका जीपगाडीतल्या औषधावर ती संपते. नाही पोचले तर एक चौरस किलोमीटरचा थवा होतो. त्यात चार ते आठ कोटी टोळ असतात, तो दिवसाला पस्तीस हजार माणसांचे अन्न खातो आणि वारा मिळाला तर दीडशे किलोमीटर जातो.

माझ्या काडेपेटीतल्या टोळाचे मूळ मला अरबस्तानात सापडले. मे २०१८ मध्ये मेकुनू आणि ऑक्टोबरमध्ये लुबान अशी दोन चक्रीवादळे अरबी समुद्रातून ओमान-येमेनच्या किनाऱ्यावर गेली. रुब अल् खाली म्हणजे ‘रिकामा चौथा हिस्सा’, जगातले वाळूचे सर्वात मोठे सलग वाळवंट. त्यात तळी साचली. माणूस नाही, रस्ता नाही, शेजारी येमेनमध्ये युद्ध. ओल्या वाळूत टोळांच्या तीन पिढ्या कुणाच्या नजरेस न पडता वाढल्या. अनुकूल हवेत टोळ तीन महिन्यांत वीसपट होतात, सहा महिन्यांत चारशेपट, नऊ महिन्यांत आठ हजारपट. २०१९ उजाडले तेव्हा थवे बाहेर पडले होते. एक फाटा येमेनमधून समुद्र ओलांडून सोमालिया, इथिओपिया आणि पुढे केनियात गेला. केनियाने सत्तर वर्षांत एवढी धाड पाहिली नव्हती. दुसरा फाटा इराणमधून बलुचिस्तानात आणि तिथून थरच्या वाळवंटात आला. २१ मे २०१९ रोजी जैसलमेरमध्ये पहिली नोंद झाली. राजस्थान आणि गुजरातमध्ये त्या हंगामात चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर फवारणी झाली. पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये नवे थवे आले तेव्हा वाळवंटात खायला हिरवे काही नव्हते. ते मध्य प्रदेशातून सातपुडा ओलांडून आमच्या मोर्शी-वरुडात, तिथून काटोलकडे, वर्ध्याकडे गेले.

‘मुंबई टोळ’ नावाची एक वेगळी जात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने मुंबई इलाख्यात पुष्कळ पिके खाल्ली होती. ती आमच्याच घाटात वाढते, तिच्यासाठी दुसऱ्या देशाला विचारायची गरज नाही. वाळवंटी टोळाचे तसे नाही. तो शांत असतो तेव्हाच मॉरिटानियापासून भारतापर्यंत तीसेक देशांत, एक कोटी साठ लाख चौरस किलोमीटरवर विखुरलेला असतो. उठला की साठ देशांपर्यंत पोचतो. १९८८ मध्ये तो आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर उतरला होता. अशा प्राण्याशी कुठलाही देश एकटा लढू शकत नाही, मग त्याच्याकडे कितीही विमाने असोत. माझी बाग वाचवायची तर ओमानच्या वाळवंटात पाऊस पडला हे कुणाला तरी वेळेवर दिसायला हवे. ते पाहण्याचे काम आपली संघटना करते आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. आभार आधी मानतो, कारण पुढे तक्रारही करायची आहे.

ही नजर एका दिवसात तयार झालेली नाही. युव्हारोव्ह लंडनमध्ये बसून निरनिराळ्या देशांतून आलेल्या नोंदी नकाशावर टिपत होते. आमच्याकडे १९३९ मध्ये टोळांची सूचना देणारी संघटना स्थापन झाली आणि तिचे एक ठाणे कराचीत होते. पुढे आपल्या संघटनेने देशांना एकत्र बसवायला सुरुवात केली. १९५६ ते १९६७ या काळात बिनय रंजन सेन महासंचालक होते. आपल्या खुर्चीवर बसलेले ते एकमेव भारतीय. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या काळात ते मदतकार्याचे अधिकारी होते, उपाशी माणसे त्यांनी जवळून पाहिली होती. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६४ मध्ये, भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान या चार देशांचा टोळ आयोग उभा राहिला. १९७८ मध्ये लंडनच्या माहिती केंद्राचे काम रोमला आले. १९८७ ते ८९ च्या धाडीने हात पोळल्यावर १९९४ मध्ये धाड येण्याआधीच तिला रोखण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

पण वर्षे आणि ठराव सांगून ही क्षमता कशात आहे ते कळत नाही. मला ती एका कागदात दिसली. टोळांचे सर्वेक्षण करणारा माणूस जीपमधून वाळवंटात जातो. हिरवळ दिसली की गाडी थांबवून उतरतो आणि काही शे मीटर चालतो. पावलांपुढून किती टोळ उडाले ते मोजतो. जागा, गवत हिरवे की वाळलेले, वाळू किती खोलवर ओली, शेवटचा पाऊस कधी, टोळ असला तर पिल्लू की पंखवाला, कुठल्या रंगाचा, एकटा की घोळक्यात, हे सगळे आता हातातल्या यंत्रात भरतो आणि उपग्रहामार्फत ते आपापल्या देशाच्या केंद्राला जाते. तिथून रोमला. रोममध्ये मूठभर माणसे या नोंदी पावसाच्या आणि वाऱ्याच्या नकाशांवर ठेवून पुढच्या सहा आठवड्यांचा अंदाज बांधतात. कीथ क्रेसमन यांनी अनेक वर्षे हे काम केले. दर महिन्याला त्याचे पत्रक निघते.

बहुतेक दिवशी सर्वेक्षकाची नोंद एकाच ओळीची असते : टोळ आढळला नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे तीच ओळ. राजस्थान-गुजरातमध्ये बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, फलोदी, पालनपूर, भूज अशी दहा मंडल कार्यालये दोन लाख चौरस किलोमीटर वाळवंटावर नजर ठेवतात आणि त्यांचे बरेचसे आयुष्य हीच ओळ लिहिण्यात जाते. वरून पाहणाऱ्या हिशेबनिसाला हे रिकामे काम वाटते. ज्या माणसाला काही सापडतच नाही त्याला पगार कशाचा, असे विचारायला फार अक्कल लागत नाही. पण नोंद नसणे आणि ‘नाही’ अशी नोंद असणे यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. २०१८ मध्ये रुब अल् खालीमध्ये टोळ नव्हते असे नाही, तिथे नोंदच नव्हती. रोमच्या नकाशावर ती जागा कोरी राहिली आणि त्या कोऱ्या जागेतून तो थवा निघाला जो माझ्या बागेत उतरला. सीमेपलीकडच्या संकटाला तोंड देण्याची क्षमता म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर मी या एका ओळीकडे बोट दाखवीन.

दुसरी गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. बाडमेर जिल्ह्यात मुनाबाव नावाचे शेवटचे रेल्वे स्टेशन आहे. पलीकडे पाकिस्तानातले खोखरापार. या दोन ठिकाणी १९७७ पासून जून ते नोव्हेंबर या टोळांच्या हंगामात दोन्ही देशांचे टोळ अधिकारी भेटत आले. एकदा इकडे, एकदा तिकडे. जोधपूरचे आमचे टोळ केंद्र आणि कराची यांच्यात बिनतारी संदेश जात राहिले. मध्यंतरी कारगिल झाले, संसदेवरचा हल्ला झाला, मुंबईवरचा २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला. आमच्या मुंबईतली माणसे त्यात गेली. त्या रागाची धग मला माहीत आहे आणि तो राग खोटा आहे असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये याच मुनाबाववरून जाणारी थार एक्सप्रेस बंद पडली. आणि तरीही २०२० च्या उन्हाळ्यात, माझ्या बागेवर टोळ होते त्याच दिवसांत, आपल्या संघटनेने बोलावलेल्या साप्ताहिक बैठकीत भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान यांचे तांत्रिक अधिकारी पडद्यावर समोरासमोर बसत होते. जुलैच्या सुरुवातीपर्यंत अशा पंधरा बैठका झाल्या होत्या. त्याच वर्षी एचआयएल या आमच्या सरकारी कंपनीने इराणला पंचवीस टन मॅलाथिऑन हे कीटकनाशक पाठवायचे ठरले. इराणमध्ये मेलेला टोळ राजस्थानात येत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब.

दोन शेजारी एकमेकांशी बोलत नसतील तेव्हा गावात एखादे जुने, कुणाच्याच बाजूचे नसलेले घर लागते, जिथे दोघेही पाणी प्यायला थांबू शकतील. आपली संघटना ते घर आहे. ते बांधायला साठ वर्षे लागली. मोडायला एक हंगाम पुरतो, म्हणून काळजी वाटते.

आता तक्रार. ती अशी की हे घर उभे ठेवायला लागणारा पैसा जग नेहमी वरातीमागून पाठवते.

२००३ च्या पावसाळ्यात सहारा-साहेलच्या पट्ट्यात टोळ वाढू लागले. फेब्रुवारी २००४ मध्ये आपल्या संघटनेने नव्वद लाख डॉलर मागितले. पैसा आला नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्याअखेर गरज दहा कोटींवर गेली. शेवटी ती धाड आटोक्यात आणायला एक कोटी तीस लाख हेक्टरांवर औषध मारावे लागले आणि पन्नास कोटींहून अधिक डॉलर लागले. मॉरिटानिया, माली, नायजरमधल्या शेतकऱ्यांची पिके गेली ती वेगळीच. पश्चिम आफ्रिकेत रोजची टेहळणी आणि वेळीच रोखणे एवढेच केले असते, तर तेवढ्या पैशात ते एकशे सत्तर वर्षे चालले असते, असा हिशेब नंतर आपल्याच संघटनेने मांडला. एकशे सत्तर वर्षे! मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा बागेचा जमाखर्च बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो.

हा धडा पुरेसा नव्हता काय? जानेवारी २०२० मध्ये आपण पूर्व आफ्रिकेसाठी सात कोटी साठ लाख डॉलर मागितले. फेब्रुवारी संपायच्या आत, संयुक्त राष्ट्रांच्या आणखी दोन संस्थांच्या प्रमुखांबरोबर आपल्याला जाहीर करावे लागले की गरज तेरा कोटी ऐंशी लाखांवर गेली आहे. महिनाभरात जवळजवळ दुप्पट. टोळ पैशाची वाट पाहत थांबत नाहीत. मग पैसा येतो, हेलिकॉप्टर येतात, छायाचित्रे निघतात, आणि २०२२ मध्ये थवे ओसरतात. त्यानंतर काय होते ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. गरज सरो, वैद्य मरो. आयोगांच्या सदस्य देशांची वर्गणी थकते, रिकाम्या जागा रिकाम्या राहतात, जीपगाड्या दुसऱ्या खात्यांकडे जातात.

माणसांचे नुकसान पैशाहून मोठे आहे. आमच्या देशात १९९३ नंतर २०१९ पर्यंत मोठी धाड आली नाही. १९९४ मध्ये पंचविशीत नोकरीला लागलेला सर्वेक्षक पन्नाशीला आला तेव्हा त्याने पहिला मोठा थवा पाहिला. ज्यांनी आधीचा पाहिला होता ते निवृत्त झाले होते. थवा संध्याकाळी कुठल्या झाडांवर उतरेल, वारा कुठे वळला की तो कुठे वळेल, हे यंत्र सांगत नाही. ते एका माणसाने दुसऱ्याला वाळवंटात नेऊन दाखवावे लागते. शाळेत इतकी वर्षे काढलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो : एक तुकडी शिकवल्याशिवाय सुटली, तर पुढच्या तुकडीला शिकवणारेच उरत नाहीत.

आणि शेवटची तक्रार, जी मी स्वतः भोगली. त्या मे महिन्यात आपल्या पत्रकात थव्यांच्या हालचालींचे इशारे होते, आमच्या केंद्र सरकारकडे ते पोचत होते. पण वाळवंटाबाहेरच्या जिल्ह्यात, जिथे टोळ कुणाच्या स्वप्नातही नव्हता, तिथे काय? थवा दिसल्यावर मी एका कचेरीत दूरध्वनी केला तर पलीकडच्या भल्या माणसाने मलाच विचारले, की टोळ म्हणजे नाकतोडेच ना, मग एवढे काय? त्याची चूक नव्हती. त्याला कुणी कधी सांगितलेच नव्हते. डबे वाजवून थवा उठवू नका, तो कुठे बसला ते रात्री कळवा, एवढे एक वाक्य जर मराठीत आदल्या दिवशी आमच्या तालुक्यात पोचले असते तर आम्ही संध्याकाळभर तो थवा एकमेकांच्या बागांत हाकलत बसलो नसतो. आपले पत्रक इंग्रजी, फ्रेंच, अरबी भाषांत निघते. रोम ते जोधपूर हा रस्ता पक्का आहे. जोधपूर ते वरुड ही पायवाटसुद्धा नाही.

हिंदी महासागरात त्सुनामीसाठी जे झाले ते इथे आठवते. २६ डिसेंबर २००४ रोजी दोन लाखांहून अधिक माणसे गेली, कारण त्या महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. नंतर युनेस्कोच्या सागर आयोगाने किनाऱ्यावरच्या देशांना एकत्र आणले. आज हैदराबाद, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया इथली केंद्रे साऱ्या महासागराला इशारे देतात. मला त्यातली सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते ती सरावाची. दर दोन-तीन वर्षांनी हे देश ठरवून त्सुनामी आल्याचा लटका इशारा काढतात आणि तो कुठल्या गावापर्यंत किती वेळात पोचला ते पाहतात. टोळांसाठी असा सराव वाळवंटाबाहेरच्या जिल्ह्यांत का होऊ नये?

महोदय, आपल्या हातात सैन्य नाही आणि आपण कुठल्या देशाला हुकूम देऊ शकत नाही, हे मला कळते. युद्ध चालू असलेल्या प्रदेशात आपला माणूस परवानगीशिवाय पाऊल टाकू शकत नाही. पण देश आपले ऐकतात, कारण टोळांच्या बाबतीत आपण त्यांना कधी फसवलेले नाही. त्या विश्वासाच्या बळावर काही गोष्टी मागता येतील, आणि त्या आपण मागाव्यात यासाठी हे पत्र आहे.

धाड आल्यावर आवाहन काढायचे ही रीत बंद व्हावी. शांत वर्षांसाठी सदस्य देशांनी आधीच भरलेला कायमचा निधी असावा आणि त्यातला पैसा दुसऱ्या कामाला वळवता येऊ नये. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आमच्या गावात कुणी शेतकरी म्हणत नाही. त्या निधीतून सर्वात आधी माणसांचे पगार आणि त्यांचे शिक्षण व्हावे, विमाने नंतर. एका देशात थवे उठले की शांत देशांतल्या तरुण सर्वेक्षकांना तिथे कामाला पाठवावे, म्हणजे पंचवीस वर्षे थांबावे लागणार नाही. लढाई करणाऱ्या पक्षांशी बोलताना अन्न आणि औषधांबरोबर टोळ सर्वेक्षकाच्या जीपलाही वाट मागावी. ती जीप कुणाचीच शत्रू नसते. सदस्य देशांना आपण सांगावे की इशारा राजधानीत पोचला म्हणजे पोचला असे नाही, तो शेतकऱ्याच्या भाषेत, तालुक्याच्या गावी पोचल्याचा पुरावा द्या. आणि भारत-पाकिस्तानच्या टोळ अधिकाऱ्यांची बैठक, सरहद्दीवर नाही तर पडद्यावर, पण दर हंगामात होईल हे आपण स्वतः पाहावे. वातावरण कसेही असो. विशेषतः वातावरण वाईट असताना.

यातले बरेचसे मागणे आमच्या सरकारांकडेही आहे आणि ते मी त्यांना वेगळे लिहीत आहे.

वरुडच्या बागेत नवती पुन्हा फुटली, त्या झाडांनी नंतर बहारही दिला. पण एक सवय मला त्या मे महिन्याने लावली. सकाळी ओळींमधून चालताना पावलांपुढून काय उडते ते मी मोजतो आणि घरी येऊन वहीत तारीख घालून लिहितो. माझी वही कुठल्या यंत्राला जोडलेली नाही, ती रोमला जात नाही. तरी आजची नोंद कळवतो : मौजे वरुड, जिल्हा अमरावती, गवत वाळलेले, जमीन कोरडी, दोन नाकतोडे, टोळ आढळला नाही.

कृपया दखल घ्यावी.

आपला नम्र,
एक संत्रा बागायतदार
वरुड, जि. अमरावती, महाराष्ट्र